बागुलबुवा कोणाच्या कामाचा?



व्याख्यानमालेच्या मंडळींनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "लहान मूल आणि भूत." समोरचे गृहस्थ थोडे घुटमळले. युनियनचा माणूस म्हणजे तो मजुरी, बोनस, प्रॉव्हिडंट फंड यांवर बोलणार, अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती रास्तच आहे. हमाल, बांधकाम मजूर, ऊसतोड कामगार यांच्यातच माझी तीस वर्षे गेली, आणि व्यासपीठावर चढलो तो त्यांच्याच मागण्या घेऊन. आज मात्र घरातल्या एका गोष्टीविषयी बोलणार आहे. ती गोष्ट फिरून मजुरीपर्यंत कशी येते, ते आपल्या ध्यानात येईलच.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे वाचन झाले ते वाचनालयात आणि एस. टी.च्या प्रवासात. पंडिताचा अधिकार माझ्यापाशी नाही. पाहिलेले सांगतो आणि वाचलेले त्याला जोडतो. चुकले तर आपण सांभाळून घ्यावे.

२०२४ सालची दिवाळी आम्ही पुण्यास मुलाकडे केली. त्या वर्षी नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली होती. पहाटे अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला. संध्याकाळी दाराशी पणत्या लावून आम्ही आत येतो न येतो तोच घंटी वाजली. दार उघडले, तो समोर पाच-सहा भुते उभी! कोणी पांढरी चादर पांघरलेली, कोणी चेटकिणीची टोकदार टोपी घातलेली, एकाच्या तोंडावर हाडांच्या सापळ्याचा मुखवटा. प्रत्येकाच्या हातात पिशवी. आणि त्यांतले सर्वांत लहान भूत म्हणजे आमची चार वर्षांची नात.

आमची मंडळी म्हणाली, "बया! सणासुदीला दारात भुतं? आता लक्ष्मी यायची का हे ध्यान?" सून हसून म्हणाली, "आत्या, आज हॅलोविन आहे. पोरांना चॉकलेटं द्यायची असतात." घरात चॉकलेटे नव्हती. मंडळींनी कुरकुरत एकेक करंजी आणि मूठमूठ शंकरपाळे पिशव्यांत घातले. भुते खूष होऊन पुढच्या दाराला गेली.

मला त्या प्रकाराचा राग आला नाही. मी विचारात पडलो तो त्यानंतर अर्ध्या तासाने. नात परत आली, जेवायला बसली आणि भाताचा घास गालात धरून ठेवू लागली. सून दिवसभर राबून थकलेली. ती म्हणाली, "लवकर गीळ, नाही तर खालच्या वॉचमनला बोलावते. तो पोत्यात घालून नेतो." जी पोर घटकेपूर्वी स्वतः भूत होऊन इमारतभर हिंडली होती, तिचा चेहरा एकदम उतरला. तिने घास गिळला.

दुसऱ्या दिवशी मी तिला बागेत नेत होतो. फाटकापाशी येताच तिने माझा हात घट्ट धरला आणि ती माझ्या मागे दडली. फाटकावर पन्नाशीचा एक वॉचमन बसलेला. त्याच्या बोलण्याची ढब ओळखीची वाटली. मी विचारले, "कुठलं गाव, पाव्हणं?" तो म्हणाला, "मुखेडकडचा." म्हणजे आपल्या शेजारच्या तालुक्यातला! दोन एकर कोरडवाहू रान, हाती आलेले सोयाबीन पावसाने गेलेले, म्हणून पुण्याला आलेला. बारा तासांची ड्यूटी. सणाला रजा नाही. त्याची स्वतःची नात गावाकडे. त्याने आमच्या नातीकडे पाहून हसत हात पुढे केला. ती रडू लागली. त्याने हात मागे घेतला आणि एवढेच म्हणाला, "इथली सगळीच लेकरं मला बघून रडतात, साहेब. का, ते कळत नाही."

का, ते मला ठाऊक होते. ते त्याला सांगण्याची मला लाज वाटली. मुखवटा घातलेल्या भुताला ती पोर भ्याली नव्हती. मुखवटा नसलेल्या माणसाला भ्याली होती. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे.

आता हा हॅलोविन काय प्रकार आहे, ते थोडे पाहू. ख्रिस्ती लोकांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे ३१ ऑक्टोबर. पण आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांत ख्रिस्ती धर्म येण्याच्या आधीपासून याच सुमारास एक सण होता. सुगी संपली, गुरे डोंगरावरून खाली आणली, हिवाळा लागला, दिवस लहान झाला. अशा रात्री मेलेली माणसे घराकडे फेरी मारतात, अशी तिथल्या लोकांची समजूत. पुढे इंग्लंडात गोरगरीब त्या दिवसांत घरोघर जात, त्या घरच्या मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करीत, आणि घरधनीण त्यांना भाजलेल्या गोड वड्या देई. आयर्लंडात १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ पडला आणि लाखो लोक अमेरिकेला गेले. पोटासाठी गेलेल्या त्या मजुरांबरोबर त्यांचा सणही गेला. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत भोपळा मुबलक, म्हणून भोपळा कोरू लागले. १९५० साली फिलाडेल्फिया शहरात मुलांनी याच फेरीत गोळ्यांबरोबर जगातल्या गरीब मुलांसाठी पैसे गोळा केले, आणि युनिसेफच्या नावाने ती प्रथा पुढे अमेरिकाभर पसरली.

तेव्हा हा सण मुळात काही दुकानदारांनी काढलेला नाही. सुगीनंतरचा अंधार, मेलेल्यांची आठवण आणि दारोदार फिरणारी पोरे, एवढा त्याचा मूळ ऐवज. आता असे पहा की हा ऐवज आपल्याकडे नाही काय?

भाद्रपदातली अमावास्या म्हणजे सर्वपित्री. ज्याची तिथी माहीत नाही, ज्याला मागे कोणी उरले नाही, त्यालासुद्धा त्या दिवशी आपण जेवायला बोलावतो. मेलेल्यांना भिऊन आपण दार लावून घेत नाही. पान वाढतो, घास ठेवतो आणि कावळ्याची वाट पाहतो. त्यानंतर आश्विनातली अमावास्या. ती तर लक्ष्मीपूजनाची. तिच्या आगेमागे वसुबारसेपासून गुराख्यांची पोरे गवताच्या दिवट्या विणीत, त्यांत दिवा लावून अंधारात घरोघर जात आणि गाईगुरे ओवाळीत. घरचे लोक त्यांना तेल घालीत, पैसा देत, फराळ देत. माझ्या लहानपणी मी स्वतः ही फेरी केलेली आहे. दिवाळीच्या पाठच्या पहाटे घरची बाई सूप वाजवीत, केरसुणीने केर काढीत घरातली अवदसा उंबऱ्याबाहेर घालवते. आई सूप बडवते आहे आणि मागे पोर दिवा धरून चालते आहे, असे ते चित्र असते. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरे नरकासुराचा अक्राळविक्राळ पुतळा मिरवतात आणि पहाटे जाळतात. भयंकर रूप स्वतःच्या हाताने करायचे आणि स्वतःच्या हातानेच जाळायचे!

आणि आपली वेळ अमावास्या? येळवस म्हटल्याशिवाय ती आपल्याला आपली वाटत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-धाराशिव आणि नांदेडच्या लगतच्या भागात गावेच्या गावे ओस पडतात, कारण झाडून सारी माणसे रानात गेलेली असतात. कडब्याची कोप, पाच पांडवांचे दगड, भज्जी, उंडे, माठातली आंबील. पंचक्रोशीतला कोणी परका रस्त्याने चालला असला तरी त्याला हाक मारून जेवायला बसवायचे. आणि दिवस मावळला की हेंडगा पेटवायचा, आणि ती मशाल घेऊन अंधारात शेताला फेरी मारायची. इतर ठिकाणची माणसे अमावास्येला प्रवासाला निघत नाहीत, नवे काम धरत नाहीत. आपल्याकडचा माणूस तान्ह्या लेकराला कडेवर घेऊन रानात जातो, जेवतो आणि रात्री जाळ घेऊन धावतो. बैलपोळासुद्धा अमावास्येलाच. म्हणजे आपल्या जुन्या माणसांनी वर्षातल्या सर्वांत काळ्या रात्री निवडल्या आणि त्या रात्री लेकराच्या हाती दिवा दिला. हे शहाणपण कोणा एका पंडिताचे नाही. शेतावर राबणाऱ्या बायामाणसांचे आहे.

मग घरात काय झाले? सणाच्या दिवशी दिवा देणारे आपण, बाकीचे तीनशे साठ दिवस लेकराला काय देतो? "झोप, नाही तर बागुलबुवा येईल." "बाहेर जाऊ नको, गोसावी झोळीत घालील." "रडू नको, पोलीस नेतील." "तो बघ पोतराज आला." आणि आता "वॉचमन आला," "भंगारवाला आला." ही नावे नीट ऐका. त्यांत एखादा मोटारीतून उतरणारा माणूस आहे काय? एखादा सावकार, एखादा गुत्तेदार आहे काय? ज्याच्या खांद्यावर पोते आहे, अंगावर फाटके आहे, जो पोटासाठी दारोदार हिंडतो, नेमका त्यालाच आपण बागुलबुवा करून ठेवला आहे.

या भीतीचे पुढे काय होते, ते माझ्याच घरची गोष्ट सांगून स्पष्ट करतो. माझा बाप सालगडी होता. मालकाचा मळा आणि आमची वस्ती यांच्यामध्ये एक जुनी चिंच होती. तिच्यावर हडळ बसते, असे सारे गाव म्हणे. माय मला निजवायची ती त्याच हडळीच्या नावाने. बापालाही त्याच्या आईने तसेच निजवलेले. साहजिकच दिवस मावळल्यावर कोणी गडी त्या वाटेने घरी येत नसे. जेवण घेऊन जायचे आणि मळ्यातच निजायचे. अनायासे पिकाची राखण होई.

मी आठेक वर्षांचा असताना, म्हणजे १९७८च्या सुमारास, माझी धाकटी बहीण तापाने फणफणली. दोन वर्षांची पोर. मायने दिवस मावळायच्या आत बापाकडे निरोप धाडला. निरोप पोचला तोवर अंधारले होते. बाप उठला, चिंचेच्या अलीकडे आला, आणि परत फिरला. असे त्याने त्या रात्री तीनदा केले, हे त्यानेच पुढे मला सांगितले. तो उजाडल्यावर घरी आला. बहीण पहाटे गेली होती. तो आला असता आणि तिला घेऊन रात्रीच डॉक्टरकडे निघाला असता, तर ती वाचली असती काय, हे कोणी सांगू शकत नाही. पण माझा बाप त्यानंतर वीस वर्षे जगला, आणि त्या वीस वर्षांत चिंचेचा विषय निघाला की तो उठून बाहेर जाई.

मालकाने ते भूत लावले, असे मी म्हणत नाही. ती समजूत मालकाच्या आधीपासूनची असेल. पण ते भूत एक पैसा मजुरी न घेता रोज रात्री मालकाची राखण करीत होते, एवढे खरे. आईने लेकराला गप्प करण्यासाठी जी भीती पेरली, ती लेकरू मोठे झाल्यावर दुसऱ्याच्या उपयोगी पडली. पुढे मी संघटनेच्या कामाला लागलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की आमचे पहिले काम मागणीपत्रक लिहिण्याचे नसतेच. माणसाच्या मनातली भीती काढण्याचे असते. "मुकादम काय म्हणेल?" "मालक कामावरून काढील." यातली काही भीती खरी असते. पण ज्याला लहानपणी विचारू दिले नाही, ज्याला "का?" म्हटल्यावर बागुलबुवा दाखवला, तो मोठेपणी खरी भीती आणि खोटी भीती वेगळी करू शकत नाही. दोहोंपुढे तो सारखाच मान खाली घालतो.

खरी भीती काय असते, ते आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. १९९३च्या ३० सप्टेंबरला, गणपती बोळवून माणसे निजली होती, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. लगेच पितृपक्ष लागला. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि इतरांबरोबर मदतीला गेलो होतो. तिथे मी पाहिले की लेकरे छपराखाली जायला तयार नव्हती. पण त्यांना कोणी "भित्रा" म्हणत नव्हते, कारण मोठी माणसेही उघड्यावरच निजत होती. रात्री एखादे लेकरू दचकून उठले की शेजारची कोणतीही बाई त्याला पोटाशी घेई आणि म्हणे, "मलाबी भ्या वाटतंय, बाळा. आपण दोघं जागू." खरी भीती अशी चारचौघांत बोलली की हलकी होते. खोटी भीती एकट्याच्या कानात सांगितलेली असते, म्हणून ती वाढत जाते.

आणि वाढून कुठवर जाते? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, तिथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच जण भिक्षेसाठी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारले. भरदिवसा, ग्रामपंचायतीच्या कचेरीत! आपण सर्वांनी ते वाचले आणि हळहळलो. अफवा मोबाईलवर आली हे खरे. पण ती इतक्या लवकर पटली कशी? मला वाटते, तिची मशागत आधीच झालेली होती. "गोसावी झोळीत घालून नेतो" हे त्या जमावातल्या कित्येकांनी आईच्या मांडीवर घास खाताना ऐकलेले असणार. राईनपाड्याची माणसे आपल्यापेक्षा दुष्ट होती, असे समजून आपण सुटू नये. तोच घास आपणही भरवतो आहोत.

आता इथे बसलेल्या आयाबहिणींना वाटेल, की हा बाबा आला आणि सगळा दोष आमच्या पदरात घालून चालला. तसे नाही. पुण्यास मी सुनेला त्या रात्री हलकेच म्हणालो, "पोरीला वॉचमनची भीती घालू नये, बाई." तिने भांडी घासता घासता उत्तर दिले, "मामा, मला तरी कुठं हौस आहे? नऊला कचेरीत, सातला घरी. पोरगी एकेक घास अर्धा तास धरते. तुमचा मुलगा फोनवर असतो. मग काय करू, सांगा." मी निरुत्तर झालो. बागुलबुवा आईच्या तोंडी येतो, कारण तिच्या हाताला सवड नसते. ज्या घरी लेकराजवळ बसायला माणूस आहे, तिथे बागुलबुवाची फारशी गरज लागत नाही.

हीच गोष्ट उसाच्या फडात पहा. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जळकोट, मुखेड, कंधारच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक भरून माणसे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, म्हणून मागे फिरता येत नाही. जायचे पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात, आणि परत यायचे उन्हाळ्यात. गाडी भरायला मध्यरात्री, पहाटे, केव्हाही उठावे लागते. दोन-तीन वर्षांचे लेकरू कोपीत निजलेले. त्याला कोणापाशी ठेवणार? माय त्याला सांगते, "बाहेर येऊ नको, कोल्हा नेईल." ते बाहेर आले तर ट्रॅक्टरखाली सापडेल, विहिरीत पडेल. जुन्नरकडच्या उसात तर खराच बिबट्या असतो. त्या माउलीला मी कोणत्या तोंडाने सांगू, की बाई, लेकराला भीती घालू नको? तिच्यापाशी दाराला लावायची कडीच नाही. भीती हीच तिची कडी.

म्हणून मी म्हणतो की बागुलबुवा घालवायचा असेल तर आईला नुसता उपदेश करून भागणार नाही. तिच्या लेकराजवळ माणूस बसवला पाहिजे. हे काही माझे स्वप्न नाही. २००५च्या रोजगार हमी कायद्यात स्पष्ट तरतूद होती, की कामावर येणाऱ्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्या बायकांपैकी एकीला मुले सांभाळण्यास नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. मी ज्या कामांवर हिंडलो त्यांतल्या बहुतेक ठिकाणी अशी बाई मला दिसली नाही, कारण ती मागायची असते हेच बायकांना ठाऊक नव्हते. एके ठिकाणी बायकांनी मागितली आणि मिळाली. झाडाला साडीची झोळी, खाली सात-आठ लेकरे आणि एक म्हातारी. पंधरा दिवसांनी मी गेलो, तो ती म्हातारी पोरांना गोष्ट सांगत होती. गोष्ट भुताचीच होती! पण गोष्टीतले भूत शेवटी पाण्याला भिऊन पळाले, आणि पोरे खदखदा हसत होती.

त्या म्हातारीने मला एक गोष्ट शिकवली. भूत पोरांपासून लपवून ठेवण्याची गरज नाही. गोष्टीतले भूत, मुखवट्याचे भूत, भोपळ्याचे भूत मुलांना खुशाल खेळू द्यावे. मुखवटा घालणारे मूल आतून जाणत असते, की हा मी आहे आणि हे सोंग आहे. शेवटी मुखवटा काढला म्हणजे झाले. वाईट ते वेगळे. जिवंत माणसाला मुखवटा चढवून ठेवणे आणि तो कधीच न काढणे, हे वाईट.

आणखी एका जागी सावध राहावे. लेकरू तापाने बरळू लागले, दचकू लागले, की "बाहेरचं झालं" म्हणून आपण आधी देवऋषाकडे धावतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर या समजुतींविरुद्ध आयुष्यभर झगडले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे, हे आता गुन्हे आहेत. पण दाराशी आलेल्या तापाला कायद्याचे पुस्तक दाखवून भागत नाही. रात्री बारा वाजता चिंचेखालून चालत जाणारा बाप लागतो. तो बाप आजच्या चार वर्षांच्या पोरातून घडायचा आहे.

मग करावे काय? मला सुचते ते साधे आहे. जे खरेच धोक्याचे आहे ते लेकराला हाताला धरून दाखवा. विहीर दाखवा, खोली दाखवा, कडब्याच्या गंजीत हात का घालू नये ते सांगा, उघडी तार दाखवा. त्याला सावधपणा म्हणतात, आणि सावध मूल भित्रे नसते. दाराशी कोणी भिक्षेला, भंगाराला, कामाला आला, तर लेकराच्या हातून त्याला पाणी द्या आणि त्याचे नाव विचारा. नाव कळलेल्या माणसाचा बागुलबुवा होत नाही. आणि पुरुषमंडळींना माझे हात जोडून सांगणे आहे, की संध्याकाळचा तो अर्धा तास, तो एकेक घास, तो आपण घ्यावा. मोर्चात घोषणा देणाऱ्या आम्हा लोकांनी तो आजवर घेतला नाही, हे मी माझ्यासकट कबूल करतो.

पुण्यास भाऊबीजेच्या दिवशी मी नातीच्या हातात करंज्यांची ताटली दिली आणि तिला फाटकावर नेले. पहिल्यांदा ती माझ्या मागेच राहिली. वॉचमनने ताटली घेतली, आणि "माझी नात तुझ्याएवढीच आहे, तिचेपण दात असेच पडके आहेत," असे म्हणून आपले दात दाखवले. ती हसली नाही, पण रडलीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने आपणहून विचारले, "तुमच्या नातीला भुताची टोपी देऊ का?"

त्याच वर्षी ३० डिसेंबरला येळवस आली. मुलगा, सून, नात सारे इकडे आले. रात्री मी हेंडगा पेटवला, तिचा हात माझ्या हातात घेऊन मशालीच्या दांड्याला लावला आणि आम्ही ज्वारीच्या कडेने निघालो. ती म्हणाली, "आबा, तिकडं अंधारात काय आहे?" मी म्हणालो, "चल, बघू." गेलो, पाहिले. बांध होता, बोरीचे झुडूप होते आणि आमचेच कुत्रे होते. मग ती म्हणाली, "आणि त्या डोंगराच्या पलीकडं?" मी म्हणालो, "तिकडं तुझ्या वॉचमनआजोबाचं गाव आहे. तिथंही आता हेंडगे पेटले असतील."

बंधुभगिनींनो, लेकराला अंधाराच्या पलीकडे काय आहे ते सांगायचेच असेल, तर खरे ते सांगावे. पलीकडे माणसांची गावे आहेत.